भरतीचा हिशेब

मेंदूज्वरातून उठलेल्या माणसाला लोक दोन प्रश्न विचारतात. ताप पुन्हा आला का, आणि भूक लागते का. तिसरा प्रश्न कोणी विचारत नाही, कारण तो विचारायची लाज वाटते: डोके पहिल्यासारखे झाले का? आजारी माणूस मात्र सकाळी डोळे उघडल्यापासून स्वतःला तेवढेच विचारत असतो. त्याच्यासाठी, आणि त्याच्या उशाशी बसणाऱ्यांसाठी मी हे लिहिते आहे. यात औषधांची नावे नाहीत, ती डॉक्टरांना माहीत आहेत. मला जे माहीत आहे तेवढेच सांगते.

मी माकुणसारची. घरची थोडी वाडी आहे, केळी आणि पानवेली. गावच्या शाळेत चौथीला शिकवते. माझे वडील वाडीत राबायचे आणि सभांना जायचे, आणि सभेहून येताना पिशवीत भाजी असो नसो, पत्रके असायचीच. मी त्या पत्रकांवर वाचायला शिकले. माझ्या बरोबरीची मुले ‘कमळ बघ’ वाचत होती तेव्हा मी ‘बंधूंनो आणि भगिनींनो’ वाचत होते. पुढे मीही पत्रके लिहिली. हुंड्यावर एक, उपवासांवर एक, पंचांगावर एक. गावात माझ्याबद्दल दोन मते होती, पोरगी हुशार आहे आणि पोरगी आगाऊ आहे. बहुतेक वेळा दोन्ही मते एकाच माणसाची असत.

तो दिवस

आश्विन संपत आला होता. गावच्या वाचनालयाच्या ओट्यावर मी माझे पंचांगावरचे पत्रक वाचून दाखवत होते. दोन दिवस डोके ठणकत होते, मान वळत नव्हती. पण वीस माणसे जमली होती, आणि माझ्यासारखी मुलगी वीस माणसे सोडून घरी जाऊन निजते होय! ‘शुभ आणि अशुभ दिवस कोणी ठरवले?’ हे वाक्य मी मोठ्या आवाजात वाचले. त्याच्या पुढचे वाक्य दिसत होते. अक्षरे काळी, नीट, एका ओळीत उभी होती. पण ती मला काही सांगत नव्हती. मीच लिहिलेली अक्षरे, आणि मी त्यांच्याकडे परक्या मुलखातल्या पाटीकडे बघावे तशी बघत राहिले. नंतर ओट्याची कड वर आली एवढे आठवते.

बैलगाडीतून सफाळ्याला आणि तिथून आगगाडीने पालघरला मला नेले. दवाखान्यात डॉक्टरांनी पाठीच्या कण्यातून सुईने पाणी काढले, ते गढूळ निघाले. हे मला नंतर बाबांनी सांगितले. व्हरांड्यात डॉक्टरांनी ‘मेंदूज्वर’ म्हटल्यावर बाबा खाली बसले. आई बसली नाही. तिने एकच विचारले, “जगेल ना?”

“जगेल असं वाटतं,” डॉक्टर म्हणाले.

तेवढ्यावर आईने पदर खोचला आणि पाणी आणायला गेली. ती अकरा दिवस जवळजवळ झोपली नाही.

चमचा

अकराव्या दिवशी ताप उतरला. दारात ऊन होते आणि कोणीतरी लादी पुसत होते. डॉक्टर आले. तरुण होते, माझ्याहून फार तर पाच-सहा वर्षांनी मोठे. त्यांनी माझे नाव विचारले, ते मी सांगितले, सुमन. मग त्यांनी समोर एक वस्तू धरली. “हे काय?”

मला माहीत होते ते काय आहे. त्याने साखर घेतात, औषध पितात, लहान मुलाला भरवतात. सगळे माहीत होते, फक्त नाव नव्हते. मी तोंड उघडले आणि मिटले.

“बरं, सात पाचे?”

मी चौथीची मास्तरीण. सात पाचे किती हे ज्याला येत नाही त्याला मी बाकावर उभे करत होते. मी डॉक्टरांच्या खिशातल्या पेनाकडे बघत राहिले आणि डोळ्यांतून पाणी गळू लागले. मी रडत होते असे म्हणता येणार नाही, पाणी आपोआप गळत होते.

बाबा म्हणाले, “डॉक्टर, ती शाळेत शिकवते.” जणू ती गोष्ट सांगितली की डॉक्टरांना काहीतरी वेगळे करता येईल.

डॉक्टर माझ्या खाटेवर बसले आणि ते बाबांशी नाही, माझ्याशी बोलले. म्हणाले, “महिनाभर बांधून ठेवलेला पाय सोडल्यावर कसा होतो? बारीक, लुळा. तसं समजा. रोज थोडं काम द्या डोक्याला. किती परत येईल ते मी सांगू शकत नाही. पण जे वापरणार नाही ते येणार नाही, एवढं नक्की सांगतो.”

शाळेने माझी जागा संक्रांतीपर्यंत राखून ठेवली होती. म्हणजे माझ्याकडे जेमतेम दोन-अडीच महिने होते. त्या दुपारी मला दोन गोष्टी स्वच्छ कळल्या. मी जगणार होते, आणि जगून मी कोण असणार हे कोणालाच माहीत नव्हते. मरणाची भीती मला फारशी वाटली नव्हती, तेव्हा मी शुद्धीवरच नव्हते. खरी भीती ही होती.

शेजारची खाट

बायकांच्या वॉर्डात आठ खाटा. पहाटे तापमापक, मग चहा, मग लादी पुसणे, मग डॉक्टरांची फेरी, मग इंजेक्शन, मग दुपारची लांबलचक पोकळी, त्यात भेटायला येणारी माणसे, मग पुन्हा तापमापक. त्या दुपारच्या पोकळीत मी भिंतीवरच्या भेगा मोजायचे. भेगा पाचच होत्या. पाचाच्या पुढे गेल्यावर मला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागायची, म्हणून बरेच झाले.

शेजारच्या खाटेवर हिराबाई होती. तारापूरच्या बाजूच्या दांडीची, मासे विकणारी, पन्नाशीची. किनाऱ्यावरच्या खडकावरून घसरून मांडीचे हाड मोडले होते. पाय वर टांगलेला, पायाला दोरी, दोरीच्या टोकाला दोन विटा. दीड महिना तिला कूस बदलता आली नव्हती. तोंड मात्र पूर्ण मोकळे होते.

“काय ग, मास्तरीन ना तू?”

मी मान हलवली.

“मग सांग, आज भरती कवा?”

मला वाटले, हिचे डोकेही माझ्यासारखेच झाले आहे. पालघरच्या दवाखान्यात भरतीचे काय काम?

“अगो, आज पंचमी हाय. पाच पाऊन?”

पाऊणकी मी शिकवलेली होती. पाव, निम, पाऊण, सवा, दीड, सगळे पाढे मला तोंडपाठ होते. आता तिथे फक्त धुके होते. हिराबाईने वाट बघितली. मग छताकडे बघत ती एका सुरात म्हणू लागली, “एक पाऊन पाऊन, दोन पाऊन दीड, तीन पाऊन सव्वादोन, चार पाऊन तीन, पाच पाऊन पावनेचार. पावनेचारला भरती टेकेल. मंग माझा नवरा होडी खाडीत घेईल, नि शेजारीन माझी टोपली घेऊन बंदरावर जाईल, नि माझ्या गिऱ्हाईकांना सडकी बोंबील इकेल.”

हिराबाईला अक्षर येत नव्हते. पण तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे किनाऱ्यावरच्या सगळ्या बायकांसारखे तिला येत होते. चौथीला तीन, अष्टमीला सहा. पुनव-अवसेला हिशेब करायचा नाही, बारा धरायचे. समुद्र डोळ्यांना दिसत नव्हता, म्हणून ती रोज तो डोक्यात भरत होती आणि ओसरत होती. “नायतर मी येडी झाले असते या विटांखाली,” ती म्हणाली.

मी म्हणाले, “मी तिथी मानत नाही.”

ताप उतरल्यानंतरचे ते माझे पहिले अख्खे वाक्य. आईने हातातला पेला खाली ठेवला. बाबा म्हणाले, “ऐकलंस? भांडली!” आणि ते एवढे हसले की सिस्टर बघायला आली.

हिराबाई शांत होती. “नको मानूस. पानी मानतंय. तू नुसती पाऊन मोज.”

दुपारचे डाव

त्या दिवसापासून रोज दुपारी ती भेटायला आलेल्या बायकांना विचारून तिथी सांगायची आणि मी पाऊण काढायची. पहिले चार दिवस मला काहीच जमले नाही. पाचव्या दिवशी मी ‘पावणेसात’ म्हणाले आणि ते बरोबर होते. मला ते कसे आले हे मला कळले नाही. दुसऱ्या दिवशी परत चुकले.

भरतीचा हिशेब झाला की चिंचोके. आई घरून मूठभर चिंचोके घेऊन आली होती. ते चादरीवर पसरायचे, मी बघायचे, मग डोळे मिटायचे, हिराबाईच्या सांगण्यावरून आई त्यातले काही काढायची आणि किती काढले ते मी सांगायचे. मग वस्तूंचा डाव. वाटी, कंगवा, सुपारी, किल्ली, नथ असे काहीबाही पदराखाली झाकायचे आणि मी आठवून सांगायचे. मग कोडी. हिराबाईची कोडी तिची स्वतःची असायची.

“जाल्यात येतंय नि जाल्यातूनच जातंय, काय ते?”

“मासा.”

“मासा जाल्यातून गेला तर आमी खायचं काय, तुजं पत्रक? पानी ग, पानी!”

समोरच्या खाटेवरची बाळंतीणसुद्धा हसली. मलाही हसू आले आणि हसताना डोके दुखले. त्या दुखण्याचेही मला बरे वाटले.

ज्यांना माझ्यासारखा आजार झाला आहे त्यांना एक सांगते. डोक्याला काम द्या म्हणजे मोठी पुस्तके वाचा असे नाही. बाबांनी तीच चूक केली. त्यांनी आणलेले पत्रकांचे भेंडोळे माझ्या उशाखाली ठेवले आणि एक उघडून माझ्या हातात दिले. मी पहिली ओळ तीनदा वाचली आणि तिसऱ्या वेळी ओळीच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरले. बाबांनी ते बघितले. ते व्हरांड्यात जाऊन बराच वेळ उभे राहिले आणि आल्यावर म्हणाले, “छपाई वाईट आहे. डोळ्यांना त्रास होतो. मी वाचतो, तू ऐक.”

आणि त्यांनी वाचले ते नेमके माझेच, पंचांगावरचे. आठही खाटांना ऐकू जाईल असे. ‘ज्या कागदाने आपल्याला भित्रे केले तो कागद चुलीत घाला!’

हिराबाईने मान वळवली. “हे तू लिवलंस?”

“हो.”

“पंचांग चुलीत घातलं तर मी बंदरावर कवा जायचं? सकालपासनं जाऊन बसू?”

मला उत्तर द्यायचे होते. उत्तर होते माझ्याकडे, मुहूर्त वेगळा आणि चंद्राची गती वेगळी, हे आज मी दोन मिनिटांत मांडीन. तेव्हा शब्द सापडले नाहीत. आणि खरे सांगायचे तर पत्रक लिहितानाही तो भेद मी केला नव्हता. माझ्या डोळ्यांपुढे भटजी होते, बंदरावरची बाई नव्हती.

आई

आईबद्दल लिहिणे अवघड आहे. बाबा माझ्या बाजूचे होते, सगळ्याच बाबतींत. आई गावात सांगत होती की सुमनला साधा ताप आहे. ‘मेंदू’ हा शब्द तिने एकदाही उच्चारला नाही. मुलीच्या मेंदूला काही झाले असे गावात पसरले तर पुढे काय, ही तिची भीती मला कळत होती आणि त्या भीतीचा मला भयंकर राग येत होता.

एकदा तिने हळूच विचारले, “भगताला नुसतं बघायला बोलावू? नुसतं बघील.”

मला शब्द सापडत नव्हते म्हणून मी पाण्याचा पेला ढकलून दिला. पेला लादीवर आपटला. आईने फडके आणले, पुसले आणि म्हणाली, “नाय बोलावत. नको रागावू, डोकं दुखंल.”

आज ते आठवले की पेला माझ्याच अंगावर सांडल्यासारखा वाटतो. मला भगताचे अंगारेधुपारे नकोच होते, आजही नकोत. पण नको म्हणायला पेला ढकलावा लागत नाही.

हिशेब माझ्याकडे

कार्तिकातल्या अवसेला हिराबाईने जाहीर केले, “उद्यापासनं तिथी पन तूच धर. मी मोजायची नाय. मी मोजली तर तू माझ्या तोंडाकडं बघशील.”

सिस्टर चांगली होती. ती म्हणाली, “माझ्याकडे पंचांग आहे, आणून टांगू का भिंतीला?” वॉर्डात नुसत्या तारखांची दिनदर्शिका होती.

“वॉर्डात पंचांग नको,” मी म्हणाले. शब्द परत येत होते तसे माझे बाणेदारपणही परत येत होते. “रोज एक मिळवायचा. त्याला कागद कशाला?”

प्रतिपदा, द्वितीया, तृतीया. मी रोज सकाळी एक मिळवायची आणि पाऊण काढायची. एकदाही अडखळले नाही. सहाव्या दिवशी साडेचार, सातव्या दिवशी सव्वापाच. मला वाटू लागले की डोके येते आहे. अजून वाचताना परिच्छेदाच्या शेवटी धाप लागायची, अजून लोकांची नावे निसटायची, पण हा एक खांब पक्का होता. त्याला धरून मी उभी राहत होते.

त्याच आठवड्यात हिराबाईच्या विटा काढल्या आणि कमरेपासून खाली प्लॅस्टर घातले. ती घरी जायची होती. पालघर ते दांडी ही लांबची वाट बैलगाडीने किंवा एस.टी.ने गेली असती तर हाड पुन्हा हलले असते. म्हणून तिच्या नवऱ्याने, पांडूने, होडी पालघरजवळच्या सातपाटीच्या बंदराला आणायची आणि तिथून समुद्राने तिला न्यायचे ठरले. तारापूरला अणुवीज केंद्राचे बांधकाम चालू होते. तिथला एक कामगार कोणाला तरी भेटायला पालघरला आला होता, त्याच्याबरोबर निरोप आला. तो वॉर्डाच्या दारात उभा राहिला.

“हिराबाई कौन है? पांडूभाऊ बोला, शुक्रवार को सातपाटी में भरती पे नाव लायेगा.”

“किती वाजता?” सिस्टरने विचारले.

“टाइम नहीं बोला. बोला, उसको मालूम है.”

हिराबाई खूश झाली. तिच्याकडे कोणी घड्याळाची वेळ सांगून निरोप धाडत नाही, ‘भरतीला’ म्हटले की झाले. ती माझ्याकडे वळली. “काय मास्तरीन? शुक्रवारी कवा?”

“शुक्रवारी अष्टमी. आठ पाऊण सहा.”

“मंग सव्वाचारला टांगा लागंल. दीड तास वाट हाय, नि माझा हा खांब हलवायला येल लागंल.” तिने मागेपुढे काही विचारले नाही. माझ्या आकड्यावर तिने टांगा ठरवला. भरती टेकली की पाणी लगेच उतरू लागते. होडी धक्क्यापासून सुटते, मध्ये चिखल उघडा पडतो. प्लॅस्टरमधल्या बाईला त्या चिखलातून उचलून नेणे शक्य नव्हते. “दांडीला आख्खं गाव हाय मला उचलायला,” ती म्हणाली होती, “सातपाटीला कोन?”

शुक्रवार

शुक्रवारी दुपारी अडीचच्या सुमारास आई आणि बाबा आले. हिराबाई केस विंचरून, नवे लुगडे अंगावर टाकून तयार होती. बाबांनी तिच्यासाठी केळ्यांची फणी आणली होती, त्यातले एक त्यांनी सोलून आईपुढे धरले. आईने ते अधाशासारखे खाल्ले. मग दुसरे घेतले. आई असे कधी खात नाही.

“जेवली नाहीस का?” मी विचारले.

“जेवले आज. काल नि परवा उपास व्हता, अजून पोट भरल्यासारखं वाटंना.”

“दोन दिवस? कसला?”

ती केळ्याची साल दुमडू लागली. बाबा म्हणाले, “सांग की आता. तिला कळायला लागलंय.”

आई लादीकडे बघत म्हणाली, “षष्ठीचा. तू आजारी पडल्यापासनं धरते. पोरांसाठी असतो. तुला आवडायचं नाय म्हनून बोलले नाय. या खेपेला षष्ठी दोन दिवस आली. कुठली खरी ते कोनी नीट सांगंना, म्हनून दोनी धरल्या.”

मी उपवासांवर पत्रक लिहिलेले होते. ते मला त्या क्षणी आठवलेसुद्धा नाही. मला दुसरेच ऐकू आले. दोन दिवस षष्ठी. बुधवार आणि गुरुवार.

“मग आज काय आहे?”

“आज सप्तमी.”

हिराबाईचा कंगवा थांबला.

मी अष्टमी सांगितली होती. रोज एक मिळवला होता, एकही चुकवला नव्हता, तरी मी चुकले होते.  जो एक खांब पक्का होता तोही पोकळ निघाला. म्हणजे डोके आले नव्हतेच, मी आठ दिवस स्वतःची समजूत घालत होते. आणि माझ्या भरवशावर ही बाई चिखलाच्या काठाला जाऊन बसणार होती. मी दोन्ही हातांनी कपाळ धरले. “माझं डोकं गेलं,” मी म्हणाले. “आई, माझं डोकं गेलंच आहे.”

आईने माझे हात ओढून काढले. ती मोठ्याने बोलणारी बाई नाही, पण त्या दिवशी मोठ्याने बोलली. “येडी का काय! तू मोजलंस ते बरोबरच मोजलंस. चंद्रानं एक तिथी दोनदा घेतली त्याला तू काय करनार? तुझं डोकं नाय चुकलं, तुला कोनी सांगितलं नाय, एवढंच!”

“खिडकीतनं चांद दिसला असता तर मीच बोलले असते,” हिराबाई म्हणाली. “पन ही खिडकी मेली भिंतीकडं बघते.”

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितले. तीनला दहा कमी.

“सात पाऊण सव्वापाच,” मी म्हणाले. “वाट दीड तासाची, म्हणजे टांगा पावणेचारला सुटला तर अगदी भरतीच्या टोकाला पोचेल. होडीत चढवायला पाव तास धरा. साडेतीनला निघायलाच हवं. सव्वाचारचा टांगा नको, बाबा, तुम्ही आत्ता स्टेशनवर जा आणि जो उभा असेल तो घेऊन या, गादी घालायला सांगा. सिस्टर, स्ट्रेचर सव्वातीनला लागेल, त्याआधी डॉक्टरांची सही घ्यायची राहिली आहे, ती…”

मी थांबले. बाबा उठायचे सोडून माझ्याकडे बघत होते. सिस्टर दारात होती, तिच्या मागे डॉक्टर होते. ते कधीपासून उभे होते मला माहीत नाही.

“सही मी करतो,” डॉक्टर म्हणाले. “तुम्ही पुढचं सांगा.”

पण पुढचे काही नव्हते. बाबा धावले. आईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि ती तिसरे केळे सोलत होती.

साडेतीनला टांगा निघाला. बाबा हिराबाईबरोबर सातपाटीपर्यंत गेले. स्ट्रेचरवरून जाताना तिने माझा कान धरला. “पाऊन बरोबर हाय तुजी. पन कवातरी बाहेर बघत जा, नि बायकांना इचारत जा.”

दुसऱ्या दिवशी बाबांनी सांगितले, होडी धक्क्याला टेकलेली होती आणि पांडू टांग्याकडे बघून नुसता म्हणाला, “आली.” उशीर किंवा लवकर, काहीच नाही. त्याला दुसरे काही वाटलेच नव्हते.

त्या दुपारी शेजारची खाट रिकामी होती. मी आईला हिराबाईच्या जागेवर बसवले आणि विचारले की षष्ठी दोन कशा येतात. तिला जेवढे माहीत होते तेवढे तिने सांगितले, तिथी कधी लांबते, कधी आखडते, सूर्य उगवताना जी असेल ती त्या दिवसाची धरायची. माझ्या आईने मला काही शिकवले आणि मी वाद न घालता ऐकले, असे बऱ्याच वर्षांनी घडत होते. मी उपवास मानत नाही. पण दोन दिवस उपाशी राहिलेल्या बाईला त्यावर पत्रक वाचून दाखवायची माझी हिंमत नाही.

शाळा

मी संक्रांतीनंतर शाळेत गेले. डोके पूर्ण आले असे मी लिहिणार नाही, कारण ते खोटे होईल. हिशेब आला, वाचन आले, हे सगळे मी हाताने लिहिते आहे. पण अजून मध्येच एखादा शब्द निघून जातो. जिथे शब्द असायचा तिथे मोकळी जागा असते.

पहिल्या दिवशी वर्गापुढे उभी राहिले तेव्हा ही गोष्ट लपवायची की सांगायची, याचा विचार मी घरापासून शाळेपर्यंत केला होता. आईला वाटत होते लपवावी. मी सांगितली. “माझं डोकं आजारी होतं. कधी कधी माझा शब्द हरवेल. तेव्हा मी थांबेन. हसायचं असेल तर हसा, पण मग शोधायला मदत करायची.”

मुले हसली नाहीत. इतकी शहाण्यासारखी बसली की मलाच अवघडल्यासारखे झाले.

तिसऱ्या दिवशी घड्याळाचा धडा होता. मी म्हणाले, “भिंतीवरच्या मोठ्या घड्याळात खाली जो असतो तो…” आणि शब्द गेला. मी फळ्याला पाठ लावून उभी राहिले. चाळीस डोकी माझ्याकडे बघत होती. पुन्हा तीच भीती, चमच्याच्या दिवसाची.

“खाली लोंबतो,” मी म्हणाले. “इकडून तिकडे जातो.”

“काटा!” एकजण ओरडला.

“नाही. लोंबतो.”

“घंटा!” “पाळना!” “बाई, वटवाघूळ!”

“घड्याळात वटवाघूळ कसं असंल रे?”

“बंड्याची शेंडी!” आणि बंड्या उठून मारायला धावला. सगळा वर्ग बाकांवर उभा होता. कोणी हात हलवून दाखवत होते, कोणी मान. आणि त्या गोंधळात, त्या डोलणाऱ्या हातांकडे बघताना, शब्द कुठूनसा येऊन माझ्या जिभेवर बसला.

“लंबक!” मी ओरडले. “लंबक! तुम्ही सगळे हरलात, मी जिंकले!”

 मग टाळ्या. मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत ‘लंबक’ लिहिले, आणि खडू खाली ठेवायच्या आत मागच्या बाकावरून एका मुलीचा आवाज आला,

“बाई, आता आनखी एक इसरा ना!”